आकाशातील संथ ज्योत

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. घरोघरच्या गुढ्या सूर्यास्ताला उतरल्या होत्या. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशातून तेजाची एक लांब रांग संथपणे सरकत गेली. बुलढाणा जिल्ह्यातील लोकांनी ती पाहिली, तशीच खानदेशातील व पूर्व विदर्भातील लोकांनीही पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी जळते विमान म्हटले, तर कोणाच्या मनात अरिष्टाची शंका आली.

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावी उल्केचा तर्क सहज सुचावा. त्याच तालुक्यात लोणारचे सरोवर आहे. फार प्राचीन काळी अशनीच्या आघाताने तेथील काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. परंतु तर्क सहज सुचला, म्हणजे तो खरा ठरला असे नव्हे. उल्केचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो, आणि बहुधा ती क्षणार्धात विझते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू खाली येते, तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. ती वातावरणात अगदी तिरपी शिरते व तुकडे होत बराच वेळ जळत राहते. त्या रात्रीची ज्योत अशीच संथ होती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे तज्ज्ञांनी ठरविले.

मग उल्का म्हणणारे अडाणी होते काय? मुळीच नाही. लोणारचे विवर ज्वालामुखीमुळे झाले, असे एके काळी विद्वानही मानीत. आघातानेच घडणाऱ्या काचेसारख्या खनिजाचे पुरावे १९७३ च्या सुमारास पुढे आले आणि तो समज मागे पडला. लोणारला आकाशातून आलेल्या वस्तूची करणी भूमीची मानली गेली. २०२२ साली भूमीवरून गेलेली वस्तू आकाशाची मानली गेली. दोन्ही वेळा चूक पाहण्यात नव्हती, नाव देण्याच्या घाईत होती. चुकणे हा दोष नाही. पुरावा समोर आल्यावरही चुकीला चिकटून राहणे, हा मात्र दोष आहे.

म्हणून असे दृश्य दिसताच आरोळी ठोकण्यापेक्षा नीट पाहणे अधिक मोलाचे. किती वाजले, ज्योत कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेली, किती सेकंद दिसली, रंग कोणता होता, तुकडे झाले काय, आवाज आला काय, हे लगेच लिहून ठेवावे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. तिने क्षितिजापासूनची उंची मोजता येते. दूरदूरच्या दोन गावांतील अशा नोंदी जुळविल्या, तर त्या वस्तूचा मार्ग काढता येतो. त्या कामी खेड्यातील मुलाची प्रामाणिक नोंद कोणाही पंडिताच्या नोंदीइतकीच उपयोगी ठरते. आकाशातून पडलेली वस्तू सापडली, तर मात्र तिला हात लावू नये. तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मोठ्या माणसांना व शासनाला कळवावे.

भय वाटले तरी डोळे मिटू नयेत आणि ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणण्यास लाजू नये. ज्ञानाचा आरंभ त्याच दोन शब्दांपासून होतो.