आधी पेट्रोल, मग पिस्टन

प्लगवर अ‍ॅल्युमिनियमचे दाणे मी पहिल्यांदा पाहिले ते आंबोली घाट चढून आल्यावर. पांढऱ्या पोर्सिलेनवर मीठ भुरभुरावं तसे ते चिकटले होते. मे महिना, मागच्या सीटवर मित्र, वाटेतल्या छोट्या पंपावर भरलेलं साधं पेट्रोल आणि चौथ्या गिअरमध्ये रेटत आणलेली माझी ३५० बुलेट. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज अर्धा घाट येत होता. तो टॅपेटचा असेल असं मी धरून चाललो. हेड उघडलं तेव्हा पिस्टनचा काठ उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. त्या इंजिनचं कॉम्प्रेशन मी हौसेने दहाच्या पुढे नेलं होतं.

इंजिन बसवून घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो, तर लेथवरच्या मामांनी पिस्टन हातात घेऊन फिरवला आणि एवढंच विचारलं, ‘‘गाडी कुठं कुठं फिरवणार हाईस ते सांग आधी. तिथलं पेट्रोल बघू, मग पिस्टन.’’ इंजिनकाम करणाऱ्या प्रत्येकाने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं.

आकडे किती नाजूक आहेत पाहा. त्या बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. कारखान्यातून येणारं कॉम्प्रेशन ८.५. याचा अर्थ पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर साधारण ४६ सीसी जागा उरते. कॉम्प्रेशन १० करायचं तर ती ३८ वर आणावी लागते. मधला फरक आठ सीसीचा, म्हणजे चहाचे दीड चमचे. त्यासाठी बॅरल जेमतेम दोन मिलिमीटर उतरवावा लागतो. एक मिलिमीटरवर थांबलात तर कॉम्प्रेशन ९.२ होतं. म्हणून ‘थोडं घासून द्या’ हा शब्दप्रयोग मला घातक वाटतो. मामांनी हेड उलटं ठेवलं, कडेला ग्रीस लावलं, भोक पाडलेली काच त्यावर दाबली आणि भोकातून ब्युरेटने रॉकेल सोडलं. काचेखालचा शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग आकडा वहीत लिहिला. बॅरल खाली आला की पुशरॉड त्याच मापाने लांब पडतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही घटतं. त्यासाठी पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवून पाहायचं. मातीवर उठलेला व्हॉल्व्हचा ठसा खरं काय ते सांगतो.

एवढं करून मिळतं काय? कागदावर ८.५ वरून १० वर गेलं की कार्यक्षमता साधारण पाच टक्क्यांनी वाढते. १० वरून ११ वर गेलं तर तीन टक्क्यांहूनही कमी. नॉकिंगचा, म्हणजे घाटात ऐकू आलेल्या त्या खडखडाटाचा, धोका मात्र प्रत्येक पायरीला वाढत जातो. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या ब्रिटिश अभियंत्याने चालू इंजिनचं कॉम्प्रेशन वरखाली करता येईल असं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि वेगवेगळी इंधनं त्यात जाळून पाहिली. प्रत्येक इंधन किती कॉम्प्रेशन पेलतं, हे तो मोजत होता. शंभर वर्षांनंतर आपल्या गल्लीतली मंडळी मात्र पिस्टन आधी मागवतात आणि पेट्रोलचा विचार घाटात करतात.

आपल्याकडे बीएस-६ च्या निकषात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ धरला होता. एक्सपी ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० ही इंधनं आहेत, पण त्यांतली वरची निवडक शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळतात. पुण्यात शंभर ऑक्टेनवर ट्यून केलेली गाडी चंदगडजवळ रिझर्व्हला लागली तर काय कराल? शिवाय ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ठिणगीची ज्योत पोचण्याआधी स्वतःहून न पेटण्याची ती सहनशक्ती आहे. स्टॉक इंजिनात महागडं पेट्रोल ओतून पिकअप वाढला असं सांगणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी हेच सांगतो.

त्यात आता वीस टक्के इथेनॉल आलं. पंचगंगेकाठच्या उसाचं कारखान्यात झालेलं इथेनॉल आपल्याच टाकीत येतं. नॉकिंगपुरतं ते चांगलंच आहे. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे आणि ते उडताना आत येणारी हवा थंड करतं. अडचण कार्बोरेटरची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के इथेनॉलवाल्या ई-२० ला सुमारे १३.५. जुना जेट तेवढंच इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन नॉक करतं. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. तेव्हा कॉम्प्रेशन वाढवलेल्या कार्बोरेटरवाल्या गाडीचे जेट आजच्या पेट्रोलवर नव्याने लावल्याशिवाय ती घाटात नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जेट लावताना लोक दोन टोकांना अडकतात. आयडलिंग सुरेख जमवतात, नाहीतर टॉप स्पीडचा मेन जेट बदलतात. रस्त्यावरची गाडी तर बहुतेक वेळ पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये चालते, आणि तिथे राज्य सुईचं असतं. ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. माझ्या कार्बोरेटरच्या सुईला खाचा नाहीत, म्हणून तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकला. तेवढ्याने तिसऱ्या गिअरमधली घरघर गेली. सायलेन्सरला वाइडबँड सेन्सर लावता आला तर उत्तमच. त्यावर लोक एक चूक करतात: ई-२० आहे म्हणून १३.५ चा आकडा शोधत बसतात. सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्याचं पेट्रोलच्या मापात रूपांतर करून दाखवतो. त्यामुळे पूर्ण लोडवर मीटरवर १२.८ च्या आसपास हवं, हे जुनं लक्ष्य तसंच राहतं.

कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगीचं टायमिंगही नव्याने लावावं लागतं. दाबलेलं मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी थोडी उशिरा हवी. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटची प्लेट स्क्रू ढिला करून फिरवता यायची. आताच्या डिजिटल इग्निशनचा नकाशा आत बंद असतो. तो बदलण्याची सोय नसेल तर कॉम्प्रेशन वाढवताना हात आखडता घ्या.

‘ड्यूक ३९० ला बाराच्या वर चालतं, मग बुलेटला दहा का नाही?’ हा प्रश्न तरुण मुलं नेहमी विचारतात. चाकणला तयार होणाऱ्या त्या इंजिनाला पाण्याचं कूलिंग आहे, चार व्हॉल्व्हच्या मधोमध प्लग आहे, इंजेक्शन आणि ठिणगी दोन्ही संगणकाच्या ताब्यात आहेत. बुलेटच्या हेडला फक्त वारा लागतो, आणि घाटात वीसच्या वेगाने ट्रकमागे अडकलात तर तोही लागत नाही. बोअर वाढवून सीसी बदलण्याच्या वाटेला तर जाऊच नये. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही.

तेल कंपन्यांकडे माझं एक मागणं आहे. साध्या पेट्रोलच्या नोझलवर ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलचं प्रमाण ठळक छापा, तालुक्याच्या पंपावरसुद्धा. आज ते विचारलं तर पोऱ्या मशीनवरचा दर दाखवतो.

माझी बुलेट आता ९.२ वर आहे. गेल्या महिन्यात तोच घाट, तोच मित्र मागे. वळणाआधी तिसरा टाकला, हेल्मेटची काच वर करून कान दिला. फक्त चेनचा आवाज येत होता.