आमची स्पेनवरील स्वारी

गेल्या अंकांत आमची हजेरी लागली नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. कांहींनीं प्रकृतीची आस्थेनें चौकशी केली. एका सद्गृहस्थांनीं "या खेपेस अंक बरा निघाला" असेंहि कळविलें. सर्वांचाच मी ऋणी आहें. प्रकृति उत्तम आहे. मी आणि आमची मंडळी अशीं दोघें वैशाखांत पंधरा दिवस स्पेन देशीं गेलों होतों.

जन्मभर खडू आणि शब्दरूपावलि यांपलीकडे न गेलेल्या पेन्शनर मास्तराला स्पेन कोठून सुचलें, असें कोणी विचारील. सुचलें तें मला नव्हे. जर्मनींत नोकरीस असलेल्या चिरंजिवांनीं तिकिटें काढलीं, स्वतः बरोबर येण्याचें कबूल केलें, आणि ऐन वेळीं कामांत अडकून "बाबा, तुम्ही दोघंच जा, मजा येईल" असा निरोप धाडला. आमच्या लग्नाला ३८ वर्षें झालीं. पण तिसऱ्या माणसावांचून आम्ही दोघेंच कोठें गेल्याचें मला आठवेना. मंडळीला विचारलें, तर ती म्हणाली, "गेलों होतों कीं एकदां. दांतांच्या डॉक्टरांकडे."

पहिला मुक्काम माद्रिदचा. तेथें पोंचतांच आमचा पहिला तंटा झाला तो प्रत्यक्ष सूर्यनारायणाशीं. घड्याळांत सात वाजलेले पाहून मी पळी-पंचपात्री घेऊन सायंसंध्येस बसलों, तों खिडकींतून ऊन थेट ताम्हणांत! आठ वाजले, साडेआठ झाले. सूर्य अस्ताचलाकडे जाण्याचें नांव घेईना. सुनेनें दिलेला बॅटरीवरचा दिवा हातांत धरून मंडळी खिडकीशीं उभी. "दिवेलागण झाल्यावांचून जेवायचं तरी कसं?" साडेनऊच्या सुमारास एकदांचा सूर्य मावळला, आणि आम्ही खालीं उतरून पाहतों तों साऱ्या गांवाची जेवणाची वेळ तीच!

याचें कारण खगोलांत नसून राजकारणांत आहे. माद्रिद हें ग्रिनिचच्याहि किंचित् पश्चिमेस. तेव्हां त्याची खरी वेळ लंडनची. परंतु मार्च १९४० मध्यें जनरल फ्रँको यांच्या सरकारनें देशांतील घड्याळें एक तास पुढें नेऊन बर्लिनशीं जुळविलीं, तीं आजतागायत मागें आलीं नाहींत. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास चढतो. म्हणजे मे महिन्यांत तेथें मध्याह्न होतो तो दोन वाजून गेल्यावर, आणि ते लोक दुपारीं जेवतात तेहि त्याच वेळीं. घड्याळ खोटें असले तरी पोट प्रामाणिक आहे!

ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध करावी म्हणून 'प्लासा मायोर' नामक विस्तीर्ण आयताकृति चौकांत मी छत्री उभी धरून तिची छाया सर्वांत आखूड केव्हां होते तें पाहत निश्चल उभा राहिलों. अंगांत काळा कोट, डोक्यावर काळी टोपी. त्या चौकांत चित्रविचित्र वेष करून पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहणारे आणि त्यावर पोट भरणारे कलावंत असतात, याची मला वार्ता नव्हती. एका लहान मुलीनें पुढें येऊन माझ्या बुटांपाशीं ५० सेंटांचें नाणें ठेविलें आणि हंसत आईकडे पळाली. मंडळीनें तें उचलून पदराच्या टोकाला बांधलें. "असूं दे," ती म्हणाली, "तुमची पहिली परदेशी कमाई."

दुपारीं दोनपासून पांचपर्यंत लहानसहान दुकानें बंद. एक ते चार दुकान बंद ठेवण्याबद्दल पुणेकरांची जी थट्टा होते, ती करणारांनीं एकदां स्पेन पाहून यावें. बंद दारापुढें उभें राहून मला परदेशांत प्रथमच घरीं आल्यासारखें वाटलें.

भाषेविषयीं मी निश्चिंत होतों. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या, आणि लॅटिन संस्कृतची भगिनी. तेव्हां नात्यानें मी त्या भाषेचा मामाच. 'दोस' म्हणजे द्वि, 'त्रेस' म्हणजे त्रि, 'सिएते' सप्त, 'दिएस' दश. सेव्हिलला जाण्यासाठीं आम्ही स्टेशनावर आलों, तेव्हां तर माझा उत्साह अनावर झाला. आमचा डबा नववा. आतां संस्कृतांत 'नव' शब्दाचे अर्थ दोन, नऊ आणि नवीन. आणि स्पॅनिशांतहि 'नुएवे' म्हणजे नऊ, 'नुएवो' म्हणजे नवीन. केवढें हें साम्य! या साम्यांतच माझा घात झाला. मीं एका गणवेषधारी इसमास ऐटींत विचारलें, "कोचे नुएवो?" त्यानें गाडीच्या चकचकीत अंगावरून प्रेमानें हात फिरविला आणि समाधानानें मान डोलाविली. मीं पुन्हां विचारलें. त्यानें पुन्हां मान डोलाविली. इतक्यांत मंडळी तिकिटावरच्या ९ या आंकड्यावर बोट ठेवून दुसऱ्या एका बाईच्या मागोमाग डब्यांत जाऊन बसलीसुद्धां!

तत्पूर्वीं सामानाच्या तपासणींत तिच्या डब्यानें थोडी खळबळ केली होती. यंत्राच्या पडद्यावर एकावर एक रचलेले वाटोळे गोळे पाहून पहारेकरी गंभीर झाला. डबा उघडला, आंत शेंगदाण्याचे लाडू. मी योग्य शब्द जुळवीत आहें तोंच मंडळीनें एक लाडू त्याच्या हातावर ठेविला. नियमाप्रमाणें त्यानें तो खाल्ला नाहीं. पण परत दिलाहि नाहीं.

सेव्हिलमध्यें खरी परीक्षा झाली ती जेवणाची. 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाविना', हा मंत्र चिरंजिवांनीं पढविला होता. तो उच्चारून मीं कोशिंबीर मागविली, वर मासा! त्या देशीं 'कार्ने' शब्दांत सामान्यतः मासळी धरीत नाहींत, हें तेव्हां उमगलें. 'तोर्तिया' ही पोळीची बहीण असावी असें वाटलें होतें; ती निघाली बटाटा घातलेलें अंड्याचें धिरडें. अखेर भाषांतर करणारा मोबाइल बाहेर काढला आणि त्यास स्पष्ट उच्चारांत सांगितलें, "कृपया आम्हांस निरामिष आहार द्यावा, मत्स्य, कुक्कुट व तज्जन्य पदार्थ आम्हांस वर्ज्य आहेत." यंत्रानें क्षणभर विचार करून जें कांहीं सांगितलें, तें ऐकून वाढपी मालकाला बोलावूं लागला. मंडळीनें माझ्या हातांतून मोबाइल घेतला. "मासा नको. अंडं नको. मटण नको. भाजी द्या." वाढपी खुदकन् हंसला, आणि पांच मिनिटांत पालक घालून शिजविलेले काबुली हरभरे घेऊन आला. त्यांत जिरें आणि लसूण! मंडळीनें पहिला घांस घेऊन मान हलविली. ३० वर्षें मीं मुलांना शुद्ध मराठी शिकविली. ती यंत्राला कळली नाहीं, इतकीच नोंद येथें करून ठेवतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं 'चुरोस' मिळाले. कणीक नव्हे, मैदा. तो उकळत्या पाण्यांत मीठ घालून भिजवावयाचा आणि चांदणीच्या भोंकांतून तेलांत सोडून तळावयाचा. पाहतांक्षणींच मंडळी म्हणाली, "अगबाई, सोऱ्या!" आणि त्या तळणाऱ्या माणसाला आपल्या हातानें सोऱ्या दाबून दाखविला. त्यानें आपल्या यंत्राचा दांडा तिच्यापुढें केला. चकलीइतकें कांटेदार नाहीं, असा तिचा अभिप्राय पडला.

बिलावर मला वाचतां येण्याजोगे फक्त आंकडे होते. आणि ते तर आपलेच! उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील मठांत ९७६ सालीं पुरी झालेल्या एका हस्तलिखितांत भारतीयांचे नऊ अंक आढळतात. शून्य मात्र नाहीं. तें हस्तलिखित आज माद्रिदजवळच्या एल् एस्कोरियालच्या ग्रंथालयांत आहे. हा इतिहास मी मंडळीला सांगत असतां ती बिल निरखीत होती. "शून्याचं राहूं द्या," ती म्हणाली, "हा पाव कुठून आला तें आधीं विचारा." न मागतां पुढें ठेविलेल्या पावाचेहि तेथें दाम लावतात!

ग्रानाद्यास आल्हांब्राच्या राजवाड्यांत, बारा दगडी सिंहांच्या कारंज्यापुढें मला पुन्हां व्युत्पत्तीचा झटका आला. ७११ सालापासून १४९२ पर्यंत या देशांत कोठें ना कोठें मुसलमान राजवट होती, आणि अरबांच्या पाठीवर बसून आपले कित्येक शब्द येथें पोंचले. शर्करेचें 'आसूकार' झालें, नारंगाचें 'नारांखा', आणि चतुरंगाचें तर ओळखूंहि येऊं नये असें 'आखेद्रेस'. मंडळीचा गुडघा सकाळपासून दुखत होता, हें मला मागाहून कळलें. ती शांतपणें म्हणाली, "शर्करा एवढं चालली असेल. मला जरा बसूं द्या."

शेवटचा मुक्काम कोर्दोबा. तेथील जुनीं घरें पाहून मी थबकलों. रस्त्याकडे कोरी पांढरी भिंत, एक दार, आणि आंत मधोमध उघडा चौक, चौकाभोंवतीं खोल्या. आपला वाडाच! चौकाला ते 'पातिओ' म्हणतात. मे महिन्याच्या पूर्वार्धांत घरमालक आपले चौक फुलांनीं नटवून सर्वांना खुले करतात, आणि उत्तम चौकास बक्षीस मिळतें. ही स्पर्धा १९२१ सालीं सुरू झाली. २०१२ सालीं युनेस्कोनें या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

सान बासिल्यो नामक भागांतील एका घरीं आम्ही बंद होण्याच्या सुमारास शिरलों. भिंतीवर माथ्यापर्यंत कुंड्या, खालीं गोट्यांची फरशी, कोपऱ्यांत विहीर. सत्तरीच्या एक आजीबाई लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालीत होत्या. मी दारापाशीं पाटीवरील मजकूर टिपून घेऊं लागलों. तो टिपून मान वर केली, तों वेळू मंडळीच्या हातांत! आजीबाई स्पॅनिशांत बोलत होत्या, मंडळी मराठींत बोलत होती, आणि दोघींपैकीं कोणीहि थांबत नव्हती. एका कुंडींतील पान चुरडून आजीबाईंनीं तिच्या नाकाशीं धरलें. "अहो, हा सब्जा!" ती मला म्हणाली, आणि तुळशीच्या त्या बहिणीला तिनें हात जोडले. तें पाहून आजीबाईंनींहि हात जोडले. अर्धा तास गेला. शब्दकोश माझ्या खिशांत होता. त्याची कोणालाहि गरज पडली नाहीं.

त्या रात्रीं, म्हणजे लख्ख उजेडांत, आम्ही जेवावयास बसलों. वांग्याचे काप तळून त्यांवर उसाची काकवी घातलेला पदार्थ होता. त्या वांग्याच्या नांवाचें मूळहि संस्कृतांत जातें. तें माझ्या जिभेवर आलें होतें. इतक्यांत मंडळी म्हणाली, "त्या बाईला मी आपला चौक दाखवला."

"कसा?"

"हातानंच. इथं विहीर, इथं वृंदावन, इथं प्राजक्त. तिला कळला. मग तिनं विचारलं, आतां कुठाय? मी हात असा खालीं केला. तेंहि कळलं तिला."

२००९ सालीं आम्हीं वाडा बिल्डरला दिला. दिला म्हणजे मीं दिला. कागद माझ्या नांवाचे होते. सही करून आलों आणि संध्याकाळीं चहा घेतांना तिला सांगितलें. ती "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"चा अर्थ मीं त्या वेळीं संमति असा घेतला, आणि पुढें कधीं तो तपासून पाहिला नाहीं. अर्थ लावणें हा तर माझा धंदा!

"भिंती पडायला झाल्या होत्या," मीं म्हटलें.

"झाल्याच होत्या. विचारलं असतंत तर मी हो च म्हटलं असतं." तिनें एक काप माझ्या ताटांत वाढला. "पण विचारलं नाहींत."

वांग्याची व्युत्पत्ति मीं गिळली. बाहेर अजून ऊन होतें. तिनें पिशवींतून बॅटरीचा दिवा काढून टेबलावर ठेविला. पण लावला नाहीं. सूर्य मावळेपर्यंत आम्ही दोघें तशींच बसून राहिलों. वाढप्यानें दोनदां येऊन पाहिलें आणि कांहीं न बोलतां परत गेला.

आतां आम्ही तिसऱ्या मजल्यावर परत आलों आहों. खिडकींत चार कुंड्या होत्या, त्यांत पांचवी सब्जाची पडली आहे, बीं मंडईंतलें. गच्चीवर कुंड्या ठेवूं द्याव्या, असा अर्ज मीं सोसायटीकडे केला आहे. पाणी गळेल, वजन होईल, डांस होतील, अशा तीन हरकती आल्या असून सभा पुढील रविवारीं आहे. तो अर्ज देण्यापूर्वीं मीं मंडळीला वाचून दाखविला. तिनें 'विनम्र निवेदन' काढून 'विनंती' घातली, आणि मीं लिहिलेल्या सहा कुंड्यांच्या अकरा केल्या.

हा लेखहि छापावयास धाडण्याआधीं तिला दाखविला. वाड्याविषयींचा मजकूर राहूं द्यावा कीं काढावा, असें विचारलें. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "राहूं द्या. पण पहारेकऱ्यानं तो लाडू खाल्ला होता. तुम्ही डबा शोधत होतांत, तेव्हां."