घरच्या गॅरेजातील पाटे आणि सरकारी दफ्तर

एखादी जुनी जीप घ्यावी, घराच्या आवारातील पत्र्याच्या शेडमध्ये ती घोड्यांवर चढवावी आणि डोंगरवाटांवर चालेल अशा बेताने तिचे पाटे व शॉकअप स्वतःच्या हिशेबाने नव्याने बसवावेत, असा छंद बाळगणारी माणसे आपल्याकडे आहेत. आणि 1947 साली ज्या मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली, तिच्या प्रांतात हा छंद रुजावा हे स्वाभाविकच आहे. मात्र या उद्योगास पोरखेळ समजणारा समाज आणि त्यास सरसकट मनाई करणारा कायदा, या दोघांचीही दृष्टी मला सदोष वाटते.

या कामातील विद्या वरवरची नाही. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की तो आठपट होतो, आणि गुंडाळी स्प्रिंगमध्ये तर तारेच्या व्यासाचा चतुर्थ घात मोजावा लागतो. तेव्हा ‘जरा जाड घालू’ या अंदाजाने चालणाऱ्याची गाडी दगडासारखी आदळू लागते. जुन्या जीपमध्ये अॅक्सलच्या खालून जाणारे पाटे वरून घेतले की गाडी चांगलीच उंचावते आणि खडक टळतात, हे खरे. परंतु त्याच क्षणी प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन चाक खड्ड्यातून वर येताच गाडी आपली दिशा सोडू पाहते, ब्रेकची नळी तोकडी पडते आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर कलंडण्याचे भय वाढते. पाट्यावर वेल्डिंग केल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते, हे ज्यास ठाऊक नाही त्याने या कामास हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्यास हे सारे ठाऊक आहे, ज्याने आधी गाडीच्या चारही चाकांवरचा भार तोलून मगच पाटे निवडले आहेत, त्याचे काय?

त्याच्यासाठी दफ्तरात रकानाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल अमान्य ठरवला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा नेमून दिली. रस्त्यावरील इतरांच्या जिवाची काळजी हा त्यामागचा हेतू मला सर्वथा मान्य आहे. तरीही सीएनजी संच बसवण्यास आणि अपंग चालकासाठी गाडीत फेरफार करण्यास हाच कायदा रीतसर परवानगी देतो, म्हणजे तपासून नोंद करण्याची वाट त्यास अपरिचित नाही. जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ बदललेले सस्पेन्शन तपासतो व तो बदल वाहनाच्या कागदपत्रांत रुजू होतो. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील फेरफारासाठी राष्ट्रीय संहिताच आहे. आपल्याकडेही अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी 2007 पासून खडकाळ वाटांच्या गाड्या सस्पेन्शनसकट स्वतः बांधतात आणि शर्यतीपूर्वी त्या कसून तपासल्या जातात. तेथे कौतुकास्पद ठरणारे कौशल्य पदवी हाती पडताच अपराध व्हावे, हे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेने उंची, स्टिअरिंग, ब्रेक आणि कलंडण्याची मर्यादा यांची कोष्टके ठरवून द्यावीत, परिवहन कार्यालयाने मान्य केलेल्या अभियंत्याने गाडी उभी करून व चालवून पाहावी, तपासणीचा सर्व खर्च मालकाने सोसावा आणि उत्तीर्ण बदलाची नोंद आरसी बुकात व विम्याच्या कागदांत व्हावी. जी गाडी या कसोटीस उतरणार नाही, ती मूळचे पाटे पुन्हा बसवेपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर येऊ देऊ नये.