रागाने लिहिले म्हणून हलके?

ताराबाई शिंदे यांनी लिहून लिहून लिहिले किती? एक निबंध, तोही संतापाच्या भरात. ना शाळा काढली, ना संस्था. वडिलांनी शिकवले म्हणून लिहिता आले. मग त्यांना सुधारकांच्या पंगतीत कशाला बसवायचे? एका व्याख्यात्यांनी हे खुद्द बुलढाण्यात, ताराबाईंच्याच गावात, ऐकवले आणि टाळ्या घेतल्या.

संताप कशाचा होता, तेवढे मात्र त्यांनी सांगितले नाही. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेने बदनामीच्या भयाने आपले अर्भक मारले. न्यायालयाने फाशी सुनावली. अपिलात ती टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या अर्भकाच्या बापाला जाब कोणी विचारला? उलट पुण्याचे एक वर्तमानपत्र साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर घसरले. हे वाचूनही जो शांत राहतो, त्याच्या शांतपणाचे गोडवे मी का गावेत? ताराबाई पेटल्या आणि 1882 मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ छापून आली. पण तो निव्वळ त्रागा नव्हे. साहस, कपट, मूर्खपणा, असा बायकांवरचा एकेक आरोप त्या उचलतात आणि त्याच मापाने पुरुषाला मोजतात. बायको गेली की नवरा दुसरे लग्न करायला मोकळा, मग विधवेनेच काय पाप केले, हा त्यांचा सवाल आहे. पुराणातले देव त्यातून सुटत नाहीत, तोंडाळ सुधारकही सुटत नाहीत. मराठा घरातल्या, चार भिंतींच्या रीतीत राहिलेल्या बाईने हे लिहिले आहे!

‘गुलामगिरी’ काय थंड डोक्याने लिहिली गेली? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी 1873 साली जो ग्रंथ अर्पण केला, त्यात संताप ठासून भरला आहे. त्याला आपण तेजस्वी म्हणतो, ते योग्यच. बाई चिडली की मात्र आक्रस्ताळी!

वडिलांनी शिकवले? बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले होते, त्यांनी शिकवलेच. कोण पुरुष आईच्या पोटातून शिकून आला?

संस्था नाही काढली, खरे. पण निबंधावर टीकेची झोड उठली तेव्हा खुद्द जोतीरावांना 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घ्यावी लागली, इतका तो झोंबला होता.

ताराबाईंनी विधवेसाठी दया मागितली नाही. पुरुषालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मराठीत हे इतक्या उघडपणे त्यांच्याआधी कोणी केल्याचे मला माहीत नाही. मोठेपणाला एवढे पुरे.

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात निघालेला हा निबंध पुढे विस्मरणात गेला. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापला. एका बैठकीत वाचून होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयाने तो मागवावा, आणि ताराबाईंवर बोलायला उभे राहणाऱ्याने आधी तो वाचावा.