काठावरची काठी

मंडळी, आधी एक कबुली. माझ्या घरात सध्या तीन फिशिंग रॉड आहेत आणि त्यातले दोन मी निव्वळ मूर्खपणाने घेतलेत. 'स्पेक वाचल्याशिवाय माउससुद्धा घेऊ नका' असं ऑफिसातल्या ज्युनिअर पोरांना ऐकवणारा मी, दोनदा आपटलो. तिसरा जमला, आणि तो आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर काढलेली. सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते, डॅलसजवळ प्लेनोला. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे नळ, बिजागऱ्या आणि शेजाऱ्याची सायकल दुरुस्त केली. दुसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा खिडकीत बसायला लागले. तिसऱ्या महिन्यात हळूच विचारलं, "तिकीट जरा अलीकडं करता येतंय का रे?"

त्या खिडकीतून आमच्या कॉलनीचं तळं दिसतं. शनिवारी पोरं तिथं गळ टाकत होती.

"कुठला मासा हाय?"

"बास, आप्पा."

"बास? म्हंजे पुरे? किती धरायचे ते नावातच सांगितलंय की!"

आठ आठवड्यांत आप्पांचा तो पहिला विनोद. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो.

या माशाचं पूर्ण नाव लार्जमाउथ बास. नावाप्रमाणेच तोंड हे एवढं. अमेरिकेत या एका माशापायी लोक बोटी आणि ट्रक घेतात आणि कधीकधी बायकोची बोलणीही खातात. जॉर्जियात 1932 साली पकडलेल्या 22 पौंड 4 औंसांच्या बासचा विक्रम इतका टिकला, की त्याची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तेही जपानच्या बिवा सरोवरात. टेक्सासचा विक्रम 1992 चा, लेक फोर्कचा, 18.18 पौंडांचा. आमच्या तळ्यातले दोन-तीन पौंडांचे. पण ते गळाला लागले की अंगात आल्यासारखे पाण्याबाहेर उडतात आणि डोकं झटकतात.

तर दुकान. तिथल्या हसतमुख पोराने मला साडेसात फुटी 'हेवी' रॉड दिला. बोटीतून दाट शेवाळात जड आमिष टाकणाऱ्यांसाठी तो उत्तम. मी तळ्याकाठी, पाठीमागे झुडपं, हातात जेमतेम दहा ग्रॅमचं ल्यूर. रॉड वाकेचना! रॉड वाकत नसेल तर ल्यूरला फेक मिळत नाही. ते वीस फुटांवर पडायचं आणि पुढच्या खेपेला रॉडचं टोक झुडपात. आप्पा बाकावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. साडेसहा फुटी, 'मीडियम', मऊ. ल्यूर छान जायला लागलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनाच चांगला मासा लागला. त्यांनी ओढला, रॉड कमानीसारखा वाकला, मासा पाणवनस्पतींत शिरला आणि तिथंच बसला. बोट असती तर वरून जाऊन सोडवला असता. काठावरच्या माणसाला तो पर्याय नसतो. मासा तुमच्याकडे यायला हवा, तुम्ही त्याच्याकडे जाऊ शकत नाही. शेवटी तंगूस तुटलं. तोंडात गळ आणि मागे हातभर दोरी घेऊन मासा गेला. आम्ही धरलेले मासे सोडून देतो, त्यामुळे हे जास्तच खटकलं. "खायला धरला असता तर गोष्ट येगळी," आप्पा म्हणाले, "पर हे काय बरं झालं न्हाई." दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर आले नाहीत. खिडकी परत सुरू झाली.

त्या आठवड्यात मी शांतपणे बसून दोन शब्द समजून घेतले, जे आधीच घ्यायला हवे होते. 'पॉवर' म्हणजे रॉड वाकायला किती जोर लागतो. 'अॅक्शन' म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट अॅक्शनचा रॉड शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, खाली ताठ राहतो. शेंडा ल्यूर फेकतो, खालचा ताठ भाग मासा ओढतो. काठावरच्या माणसाला दोन्ही लागतं आणि खांद्यावर रॉड मात्र एकच असतो. बोटवाला सहा रॉड मांडून ठेवतो, त्याचं ऐकून आपण खरेदी करायची नाही.

म्हणून माझं उत्तर: सात फूट, मीडियम-हेवी, फास्ट. घेताना रॉडवर मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा. दोरी 12 ते 20 पौंड आणि ल्यूर पाव औंस ते एक औंस, म्हणजे साधारण 7 ते 28 ग्रॅम, असं लिहिलं असेल तर बरोबर हातात आलात. यात रबरी गांडुळाचं टेक्सास रिग, जिग, स्पिनरबेट, बेडूक, सगळं फेकता येतं. क्रँकबेटला तीनतोंडी गळ असतात, ते ताठ रॉडने झटका दिल्यास माशाच्या तोंडातून निसटतात. तेव्हा झटका न देता नुसतं ओढत राहायचं, चालून जातं. 7 ग्रॅमच्या खालचं मात्र या रॉडवर टाकायचा हट्ट करू नका. ते स्पिनिंग रॉडचं काम.

दुकानात आणखी एक गोष्ट करा. रॉडला रीळ लावून हातात धरा आणि मुठीचा मागचा दांडा पोटाला किंवा जॅकेटला अडकतो का ते बघा. झाडाखाली वाकून, आडव्या हाताने फेकायचं असतं. तिथं लांब दांडा म्हणजे नुसती कटकट. पैशांचं म्हणाल तर मधल्या किमतीचा रॉड पुरतो. उरलेले रिळावर घाला, कारण बेटकास्टिंगचं खरं दुखणं तिथं आहे.

ते दुखणं म्हणजे गुंता. या रिळाची चकरी फेकताना स्वतः फिरते. ल्यूर हवेत मंदावतं, चकरी आपल्याच नादात फिरत राहते आणि क्षणात दोरीचं सुगरणीचं घरटं होतं. ब्रेक असतात, बाजूचा स्क्रू असतो. तो इतपत आवळायचा, की ल्यूर सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच चकरी थांबावी. पण शेवटचा ब्रेक तुमचा अंगठा. मला तो जमायला महिना लागला.

आप्पांना? दहा मिनिटं. मी नवा रॉड त्यांच्या हातात दिला आणि लेक्चर सुरू करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "व्हय रे, कांडी भरताना सूत सैल सुटलं की असंच हुतंय." अंगठा चकरीवर अलगद टेकलेला, ल्यूर पाण्याला लागायच्या आत दाबलेला. एक गुंता नाही. पस्तीस वर्षं सूत हाताळलेल्या अंगठ्याला कोण काय शिकवणार!

पुढचे सगळे रविवार आम्ही तासाभरावरच्या रे रॉबर्ट्स लेक स्टेट पार्कमध्ये काढले. टेक्सासात स्टेट पार्कमध्ये काठावरून मासेमारीला लायसन्स लागत नाही, पाहुण्यांसाठी ही मोठी सोय. बाकी सार्वजनिक तलावांवर मात्र ते काढावं लागतं. तिथं आप्पांना चार पौंडांचा बास मिळाला. त्याच पाणवनस्पतींतून, त्याच माणसाने, पण या रॉडने तो सरळ काठावर आणला. गळ काढला, दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि शेपूट हलल्यावर सोडला.

तिकिटाचा विषय परत निघाला नाही. निघाला तो जायच्या आठवडाभर आधी, वेगळ्याच अंगाने. "हा रॉड पंचगंगंला चालंल का रं? मरळीला?"

चालतो की! मरळीला बेडूक-ल्यूर, 30-40 पौंडांची विणलेली दोरी आणि हाच ताठपणा लागतो. नशिबाने मी दोन तुकड्यांचा घेतला होता. पूर्वी लोक म्हणायचे की जोडावर रॉड मेल्यासारखा वाटतो, मला तरी आजवर तसं जाणवलेलं नाही. साडेतीन फुटांचे दोन तुकडे सुटकेसमध्ये मावत नाहीत, म्हणून जाड प्लास्टिकचा पाइप कापून दोन्ही बाजूंना झाकणं लावली आणि तो चेक-इन बॅग म्हणून दिला.

काउंटरवरच्या बाईंनी आत काय आहे ते विचारलं. आप्पांनी माझ्याकडे न बघता, अख्ख्या सहा महिन्यांत शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं, "फिशिंग. ओन्ली बास."

मी आता परत साडेसात फुटी घेऊन झुडपांत अडकतोय. सातफुटी दुसरा घ्यायचाय. पण आप्पा फोनवर म्हणतात, थांब, मी येताना घेऊन येतो.