आजार का झाला नाही, हेही विचारायला हवे

अल्झायमरच्या संशोधनात गेली तीसहून अधिक वर्षे प्रामुख्याने एकाच संशयिताचा पाठलाग सुरू आहे. तो म्हणजे मेंदूतील चेतापेशींभोवती साचणारे अमायलॉइड हे प्रथिन. हा साका काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे १,८०० रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. हे यश खरे, पण अपुरे आहे. साका बराच निघाला, तरी घसरण थांबली नाही. शिवाय काही रुग्णांच्या मेंदूत सूज आली, रक्तस्राव झाला.

म्हणूनच आता प्रश्न उलटा विचारायला हवा. काही वृद्धांच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर साका सापडतो, तरीही त्यांची स्मरणशक्ती अखेरपर्यंत शाबूत असते. त्यांना कोणी वाचवले?

याचे एक उत्तर हार्वर्डमधील ब्रूस यँकनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. त्यांतले कोणते कधी चालू आणि कधी बंद राहावे, हे काही नियंत्रक प्रथिने ठरवतात. ‘रेस्ट’ हे त्यांपैकीच एक. ते मुख्यतः गर्भाच्या मेंदूत काम करते, अशी समजूत होती. पण म्हातारपणी ते चेतापेशींच्या केंद्रकात पुन्हा सक्रिय होते आणि पेशीला मृत्यूकडे ढकलणारी जनुके दाबून ठेवते, असे या अभ्यासात दिसले. अल्झायमरच्या रुग्णांत हा पहारेकरी केंद्रकातून जवळजवळ नाहीसा झालेला होता. साका असूनही बुद्धी तल्लख राहिलेल्यांत मात्र तो जागेवर होता.

मग हे प्रथिन वाढवणारी गोळी का काढू नये? कारण हंटिंग्टन या आजारात हेच ‘रेस्ट’ केंद्रकात प्रमाणाबाहेर शिरते आणि चेतापेशींना जगवणारी जनुके बंद पाडते. एकेक नियंत्रक प्रथिन शेकडो जनुकांवर हुकूम चालवते. कोणत्या पेशीत, कधी आणि किती, हे नेमके साधल्याशिवाय त्याला हात लावणे धोक्याचे आहे. त्यामुळे ‘जनुके जागवून स्मरणशक्ती परत आणतो’ असे सांगत कोणी महागडी पूड विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

तरीही दिशा हीच योग्य वाटते. नुसती सफाई पुरेशी नाही; पेशीची स्वतःची संरक्षणव्यवस्था टिकवणाऱ्या उपचारांवरही तितकाच पैसा आणि वेळ खर्च व्हायला हवा. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. त्यांची शुश्रूषा बहुतेक वेळा घरातली सून, मुलगी किंवा पत्नीच करते. आजार पाच वर्षे लांबला, तरी अशा कितीतरी घरांचा भार हलका होईल.

यात आपलाही वाटा असू शकतो. ‘रेस्ट’च्या या भूमिकेचा शोध लागला तो मृत्यूनंतर मेंदू दान करणाऱ्या वृद्धांमुळे. बंगळूरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. नेत्रदान, देहदान आपल्याकडे रुजले; मेंदूदानाचा विषय मात्र घरात निघतही नाही. आजारी मेंदूंइतकेच निरोगी म्हाताऱ्यांचे मेंदूही संशोधकांना हवे आहेत. नव्वदीतही नातवंडांची नावे न चुकणाऱ्या आजीकडे विज्ञानाला शिकवण्यासारखे बरेच काही आहे.