बर्फातला सैतान आणि वेडा अब्दुल

भयकथा ही करमणूक आहे, तिच्यात जात-धर्म शोधू नका, असे आम्हांला नेहमी बजावले जाते. आम्हांला हे मान्य नाही. माणूस कशाला भितो, यावरूनच तो कोणाला परका मानतो हे कळते.

मराठी वाचकाला भीतीची गोडी जुनी आहे. नारायण धारपांनी (1925–2008) कितीतरी घरांत रात्री दिवे जळत ठेवले. त्यांच्या कथेवरून स्फुरलेला ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला आणि 2024 मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याला तरुणांची गर्दी झाली. याच वाटेने आमची पोरे आता मोबाईलवर अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टपर्यंत पोचतात. त्याच्याकडे भूत-हडळ नाही. माणसाला कस्पटासमान लेखणाऱ्या प्राचीन शक्ती आहेत, समुद्राच्या तळाशी आणि ध्रुवावरच्या बर्फात दडलेल्या. चाकूरच्या उन्हाळ्यात वाचतानाही अंगावर काटा येतो. लेखणीची ही ताकद आम्ही नाकारत नाही.

पण या शक्तींना पूजतो कोण? ‘द कॉल ऑफ क्थुलू’ (1928) या कथेत ग्रीनलंडच्या बर्फातले एस्किमो नरबळी देऊन सैतानाची पूजा करतात. आणि त्या पंथाचे रहस्य कोणाच्या ग्रंथात? ‘वेडा अरब’ अब्दुल अलहजरेद याच्या! ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ (1936) तर दक्षिण ध्रुवावर घडते. तिथे ना वाळवंट, ना मशीद. तरी हा वेडा अरब तिथेही हजर आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. ‘अब्दुल’ म्हणजे ‘च्या बंदा’, पुढे अल्लाहचे एखादे नाव आल्याशिवाय ते पुरे होत नाही, हे आमच्या वर्गातली मुलेही जाणतात. अब्दुल करीम, अब्दुल रहीम. ‘अब्दुल’मध्ये ‘अल’ आलेलाच असताना पुढे पुन्हा ‘अल’ जोडून केलेले हे नाव अरबी भाषेत उभेच राहत नाही. ज्यांची भाषा येत नाही, त्यांच्या माथी वेड आणि सैतान मारणे किती सोपे! आज आपल्या देशात ‘अब्दुल’ म्हणजे पंक्चरवाला, अशी टिंगल चालते. पंक्चर काढणे कष्टाचे काम आहे, त्यात लाज कसली? पण टिंगल करणाऱ्याला कष्ट दिसत नाहीत, फक्त अब्दुल दिसतो. ही सवय कोणाला करमणूक वाटत असेल, तर त्याने आपले नाव अब्दुल ठेवून पाहावे.

आमच्यातल्या काही बुजुर्गांचे म्हणणे उलट आहे : जादू-शैतानाची पुस्तके मुलांच्या हाती देऊच नका. हेही आम्हांला पटत नाही. तिलिस्म, अय्यार आणि जिन्नांच्या दास्तानी ज्या उर्दूने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या, तिने भयकथेला घाबरावे? बंदी हे उत्तर नव्हे.

खरे उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या अरबाने लिहून ठेवले आहे. इब्न फजलान 921 मध्ये खलिफाचा वकील म्हणून बगदादहून निघाला आणि 922 मध्ये व्होल्गा नदीकाठच्या बुल्गारांच्या मुलखात पोचला. वाटेत ख्वारिज्मच्या थंडीत त्याची ओली दाढी गोठून बर्फाचा गोळा झाली. बुल्गारांकडे रात्र इतकी छोटी, की इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा माराव्यात, तर फजरची अजान व्हावी! एके संध्याकाळी आकाशात लाल ढगांत फौजा लढताना दिसल्या. हे पाहुणे घाबरून दुआ मागू लागले, तेव्हा गावकरी त्यांना हसले. इब्न फजलानने ते हसणेही लिहून ठेवले. तिथल्या काही चालीरीतींवर त्याने नाक मुरडले, पण आपल्या भीतीसाठी तिथल्या माणसांना सैतान केले नाही. आता सांगा, वेडा कोण?

लव्हक्राफ्टच्या वंशद्वेषावर जगभरच्या वाचकांनी आणि लेखकांनी आवाज उठवला, तेव्हा वर्ल्ड फँटसी पुरस्काराने 2015 मध्ये त्याच्या चेहऱ्याची मूर्ती देणे बंद केले. पुस्तके कोणी जाळली नाहीत. 2016 मध्ये व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने लव्हक्राफ्टचीच एक कथा काळ्या माणसाच्या नजरेतून नव्याने लिहिली.

आमच्या तरुणांनीही हेच करावे. लव्हक्राफ्ट वाचा, जरूर भ्या. पण अब्दुलचे अर्धे नाव पुरे करा. त्याची कथा मराठीत आपल्यालाच लिहावी लागेल.